व्हेरी पुअरली

माझ्या नवऱ्याला लीड्समध्ये हॉस्पिटलला नेलं तो बुधवार होता आणि त्याच दिवशी आमच्या टीमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. तो दर सोमवारी पहाटे कॉव्हेंट्रीहून लीड्सला जायचा आणि गुरुवारी परत यायचा. तिथे एका घरात त्याने खोली भाड्याने घेतली होती. रविवारपासून खोकत होता. "नको जाऊस," मी म्हटलं, पण जोर लावून म्हटलं नाही. मंगळवारी संध्याकाळी फोनवर म्हणाला, "अंग मोडून आलंय गं, झोपतो लवकर." मी म्हटलं, "पॅरासिटामॉल घे."

बुधवारी अकराच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. वॉर्डमधली नर्स होती. यॉर्कशरचा जाड, प्रेमळ आवाज. घरमालकाने सकाळी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, छातीत इन्फेक्शन आहे, असं सांगून ती म्हणाली, "ही इज व्हेरी पुअरली, लव्ह. आज जमलं तर एक चक्कर मारून जाशील का?"

पुअरली. हा शब्द मला पुण्यापासून माहीत होता. कॉलेजात 'परफॉर्म्ड पुअरली' म्हणजे कमी मार्क. ऑफिसात 'पुअरली रिटन' म्हणजे गचाळ कोड. इथे आल्यावर त्याचा आणखी एक अर्थ मुलीच्या शाळेने शिकवला. आदल्याच आठवड्यात शाळेतून फोन आला होता, मुलगी जरा पुअरली आहे, घेऊन जा. मी धावत गेले. पोट दुखत होतं म्हणे. घरी येऊन तिने खिचडी खाल्ली आणि पाच वाजता सोफ्यावर उड्या मारत होती.

म्हणून मी नर्सला विचारलं, "मला एक मीटिंग आहे, मग मुलीची शाळा सुटेल. संध्याकाळी निघाले तर चालेल?"

ती म्हणाली, "वेल, सूनर द बेटर, रिअली."

सूनर द बेटर हेही मी रोज ऐकत होते. इमेलमध्ये, प्लंबरच्या तोंडून. मी थँक्यू म्हटलं, नवऱ्याला 'बरं वाटलं की फोन कर' असा मेसेज टाकला आणि घरूनच मीटिंगला बसले. मीटिंग दीड तास चालली. त्यात मी पाचेक मिनिटं बोलले असेन, पेमेंटच्या पानावरचं एक बटण मोबाइलवर अर्धवट दिसतं यावर.

दुपारी पाऊणच्या सुमारास शेजारी गेले. शेजारच्या बाई गुजराती, साठीच्या, कॉव्हेंट्रीतच वाढलेल्या. आयुष्यभर इथल्या वॉर्डांमध्ये पेशंटचं हवं-नको बघायचं काम करून रिटायर झालेल्या. मी त्यांना मासी म्हणते. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, की मी संध्याकाळी लीड्सला गेले तर मुलगी त्यांच्याकडे झोपेल का. त्या रोटल्या करत होत्या. मी सहज सांगितलं, त्याला बरं नाहीये, नर्सचा फोन होता.

"काय म्हणाली ती? नेमके शब्द सांग."

"पुअरली आहे म्हणाली."

"क्वाइट पुअरली की व्हेरी पुअरली?"

"व्हेरी."

मासींनी गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे वळल्या. "बेटा, फोनवर हे लोक मरेल असं म्हणत नाहीत. व्हेरी पुअरली म्हणतात. मी स्वतः किती नातेवाइकांना असे फोन लावून दिलेत. तू अजून इथे काय करतेयस?"

मला आठवतंय, मी त्यांना समजावू लागले. नाही, शाळेतसुद्धा हाच शब्द वापरतात, असं काहीतरी. त्यांनी मला बोलू दिलं नाही. मुलीला शाळेतून आणण्याचं त्यांनी बघितलं, टॅक्सी बोलावली. मी पायात घरातलेच बूट घालून स्टेशनवर पोहोचले.

बर्मिंगहॅमला गाडी बदलायची होती. प्लॅटफॉर्मवर उभी असताना सासूबाईंचा पुण्याहून फोन आला. "अगं, तो फोन का उचलत नाहीये? दोनदा केला."

"आई, त्याला जरा बरं नाहीये. मी निघालेय त्याच्याकडे."

"जरा म्हणजे किती?"

"पोहोचले की फोन करते," म्हणून मी फोन ठेवला. सांगायला मराठीत शब्द होता, पण तो तोंडात आणायची हिंमत नव्हती. आमच्याकडे 'सीरियस आहे, निघून या' असा फोन आला की ऐकणाऱ्याला कळतं, माणूस गेलेलाच आहे, प्रवासात धीर राहावा म्हणून सांगत नाहीत. मामाच्या वेळी माझ्या आईला असाच फोन आला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा दारात तिरडी बांधून तयार होती.

गाडीत बसल्यावर तेच डोक्यात फिरत राहिलं. इंग्रजांचंही तसंच असेल तर? व्हेरी पुअरली म्हणजे गेला असेल, आणि त्या प्रेमळ बाईला फोनवर सांगायचं नसेल? मी वॉर्डला फोन लावत राहिले. रिंग वाजायची, कुणी उचलायचं नाही. शेफील्डच्या अलीकडे गाडी थांबली. सिग्नल आहे म्हणाले. वीस मिनिटं बाहेर मेंढ्या चरत होत्या. मी देवाला म्हटलं, माझी नोकरी जाऊ दे, व्हिसा जाऊ दे, आत्ताच्या आत्ता परत पुण्याला जातो आम्ही. मग वाटलं, देवाला काय त्या नोकरीशी करायचंय. समोरच्या सीटवरच्या बाईंनी टिश्यूचं पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

तो जिवंत होता. आयसीयूत होता, तोंडात नळी, हात पलंगाला सैल बांधलेले. पाऊण तासापूर्वीच त्याला झोपवून व्हेंटिलेटरवर घेतलं होतं. तोपर्यंत शुद्धीत होता, बोलत होता. पाऊण तास. दीड तास मी मीटिंगमध्ये होते.

त्याच्यापाशी असलेली नर्स तरुण होती. माझा हात धरून म्हणाली, "तो सारखा एक, एक म्हणत होता. कुठे दुखतंय विचारलं की माझा हात घट्ट धरायचा. आम्ही दुखण्यावरचं औषध दिलं, काळजी करू नकोस."

तिने तो शब्द त्याच्यासारखाच म्हणून दाखवला, आणि मला कळलं. तिला इंग्रजीतलं 'एक' ऐकू आलं होतं, हेडएकमधलं, म्हणजे दुखणं. तो मराठीत 'ऐक' म्हणत होता. घरात कुठल्याही खोलीतून तो मला अशीच हाक मारतो, नावाने नाही. अगं, ऐक ना.

मी तिला सांगितलं नाही. ती बिचारी काय करणार होती?

थोड्या वेळाने डॉक्टर आल्या. "ही इज स्टेबल फॉर नाऊ, बट ही रिमेन्स व्हेरी..."

"प्लीज," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की पलीकडच्या पलंगापाशी कुणीतरी मागे वळून बघितलं. "तो शब्द नको. तो मरणार आहे का?"

त्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसल्या. "मरू शकतो. आम्हाला माहीत नाही. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे."

इतक्या तासांत पहिल्यांदा कुणी काय ते मला सरळ सांगितलं होतं. मी त्यांना थँक्यू म्हटलं. नवरा मरू शकतो हे सांगितल्याबद्दल थँक्यू.

त्या संध्याकाळी मासींच्या फोनवरून मुलगी बोलली. तिचं मराठी इथलं. "आई, बाबा पुअरली आहे? मग उद्या बरी होईल ना?"

एरवी मी तिला लगेच सुधारते. बाबा बरा होईल, बरी नाही. त्या दिवशी "हो, होईल" म्हटलं आणि कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून खाली बसले.

दोनाचे अकरा दिवस झाले. मधे किडन्या बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या. बाराव्या दिवशी नळी काढली. दीड महिन्याने तो घरी आला, काठी घेऊन, अठरा किलोंनी हलका. अजूनही जिना चढताना मध्ये थांबतो.

मंगळवारी झोपल्यानंतरचं त्याला काहीच आठवत नाही. एकदा मी विचारलं, "तू मला काय सांगणार होतास?"

"केव्हा?"

मी सांगितलं. त्याने खरंच प्रयत्न केला, डोळे मिटून. मग म्हणाला, "असेल काहीतरी. बँकेचा पासवर्ड असेल." आणि हसता हसता खोकला.

नातेवाईक व्हिडिओ कॉल करतात तेव्हा तो कौतुकाने सांगतो, हॉस्पिटलचा फोन आला तशी ही लॅपटॉप उघडा टाकून धावत सुटली, पायात घरातले बूट. बुटांचं खरं आहे. बाकीचं त्याने मनाने जुळवलंय, आणि मी ते अजून दुरुस्त केलेलं नाही. मासींना माहीत आहे. त्या कुणाला सांगणार नाहीत. मागच्या रविवारी तो पुन्हा ते सांगू लागला तेव्हा त्या समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मुलीच्या ताटात आणखी भात वाढला.