ढब्बूला पाडायचं नाही

आत्याला डेपोत सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर नाही, एवढी कुणाची छाती? पाठीमागे. "आज तोफ ड्युटीला आहे, दारात लोंबकळू नका रे," असं ड्रायव्हरच लोकांना बजावायचे. बाई बसची कंडक्टर, आणि आवाज असा की पुढच्या दाराशी "सरका पुढे" म्हटलं की मागच्या सीटवर घोरणारा माणूस खडबडून उठायचा. कुबड्या घेऊन कुणी चढलं आणि राखीव जागेवर एखादा धडधाकट गडी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला असला, की बाई घंटीच मारायची नाही. "हे साहेब उठल्याशिवाय गाडी हलणार नाही." आणि नाही हलायची. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून थकावं. शेवटी साहेब तोंड लाल करून उठायचे.

अशी ही बाई जगात एकाच ठिकाणी मूग गिळून बसायची. ते ठिकाण म्हणजे केंद्र.

आत्याचं लग्न झालं होतं, पटलं नाही, वर्षाच्या आत बॅग उचलून धाकट्या भावाकडे आली ती आलीच. भाऊ टेम्पो चालवतो. भावजय हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. त्यांची एकुलती एक लेक म्हणजे ढब्बू. दिवस भरायच्या आधीच जन्मली. मान उशिरा धरली, पाय ताठ, बसवली की डावीकडे कलंडायची. बोलायची दोन-चारच शब्द. डोकं मात्र असं तल्लख, की घरात रिमोट सापडत नसला तर ढब्बूला विचारायचं. ती नुसत्या डोळ्यांनी दाखवून द्यायची, आणि वर तुमच्या वेंधळेपणाला हसायची. आईबापाला सुट्टी मिळायची नाही, म्हणून केंद्रात न्यायचं काम आत्याकडे, तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.

केंद्र दिसायला झकास. भिंतींवर फुगे आणि ससे रंगवलेले. वरच्या मजल्यावर मुलांचे उपचार, खाली प्रशिक्षणाचा हॉल. आजूबाजूच्या बालवाड्यांमधल्या बायका तिथे शिकायला यायच्या, अशा मुलांना कसं उचलायचं, कसं भरवायचं, कसं खेळवायचं. चांगलं काम आहे, कोण नाही म्हणतंय? वरच्या छोट्या गटात जागा मिळाली की मुलाला रोज फिजिओथेरपी मिळते, मापाची खुर्ची मिळते. पण जागा मोजक्या. आणि कुणाला द्यायच्या ते प्रशिक्षणाच्या मॅडम ठरवणार.

मॅडमना राग येताना कुणी पाहिलं नाही. बोलणं एकदम मधाळ. पहिल्याच दिवशी त्यांनी ढब्बूचा गाल कुरवाळला. "किती शांत आहे हो! रडत नाही, बिचकत नाही. आमच्या ट्रेनिंगला घेऊ का हिला? बायकांना खरं मूल बघायला मिळेल. गटातल्या जागेचा विचार आम्ही करतोच आहोत."

करतोच आहोत! वर्ष उलटलं तरी त्या करतच होत्या.

आत्याला आधी अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगा. आपली पोर मधोमध निळ्या चटईवर, भोवती बायकांचा घोळका, आणि मॅडम समजावून सांगतायत. "आता बघा हं. मी हिला बसवते. आता हात काढते. तोल नाही, बघितलंत? डावीकडे जाते." ढब्बू डावीकडे जायची, मऊ उशीवर पडायची. लागायचं नाही, तेवढी काळजी घ्यायचे. मग मॅडम म्हणायच्या, "मागच्यांना दिसलं नाही का? पुन्हा एकदा." पुन्हा बसवायच्या, पुन्हा हात काढायच्या. शेवटी म्हणायच्या, "आपल्या छोट्या टीचरसाठी टाळ्या!" सगळ्या बायका टाळ्या वाजवायच्या, आणि ढब्बूला असा आनंद व्हायचा की लाळ गळेपर्यंत हसायची. बायका बदलायच्या, चटई तीच, पोर तीच. वर उपचाराला मात्र तिचा नंबर काही लागेना.

घरी आत्या तिला बसवायचा सराव करून घ्यायची. वरच्या फिजिओताईने एकदा जिन्यात उभ्या उभ्या दाखवलं होतं तसं, कोपऱ्यात, दोन बाजूंना उशा लावून. एक दिवस ड्युटीवरून आली आणि तिकिटाच्या मशीनचा कागदाचा रोल तिने ढब्बूसमोर टाकला. ढब्बूला तो रोल फार आवडायचा. आत्या ओट्याशी चहा टाकायला गेली, मागून कागद फाडल्याचा आवाज. सहज मान वळवून बघते तर काय, उशा केव्हाच्या बाजूला घसरलेल्या, आणि पोर बसलेली! एकटी! पाठ थोडी वाकलेली, एक हात जमिनीवर टेकलेला, पण बसलेली. दुसऱ्या हाताने आरामात कागद फाडतेय. आत्याने हातातली गाळणी आवाज न करता ओट्यावर ठेवली.

तेवढ्यात भाऊ आला. दारातच थबकला. "अगं ताई, ही... ही बसलीय?"

ढब्बूने मान वर केली. बापाला बघितलं. बाप आपल्याकडे डोळे फाडून बघतोय, हेही बघितलं. आणि पोर धप्पकन डावीकडे पडली. मुद्दाम. पडल्या पडल्या मान वळवून बापाच्या हातांकडे बघत राहिली, हसत.

"पडली की गं," भाऊ हळहळला.

"पडली नाही," आत्या म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "टाळ्यांची वाट बघतेय ती. माणसं बघायला लागली की पडायचं, म्हणजे टाळ्या मिळतात, हेच शिकवलंय तिला. वर्षभर शिकवलंय! आणि मी, मी शहाणी, दर आठवड्याला कडेवर बसवून शिकायला नेत होते!"

त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. भावजयीने कितीदा तरी ढब्बूला बसवून बघितलं. आई बघत असली की पोर पडायची. आई दुसरीकडे वळली की दोन क्षण का होईना, टिकायची.

दुसऱ्याच दिवशी आत्या ड्युटी बदलून केंद्रावर धडकली आणि मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "अरे वा, बसते? छानच की! फक्त एक करा, पुढच्या ट्रेनिंगला देणगीदार पाहुणे येतायत. तेव्हा ही आहे तशीच दाखवायची आहे. म्हणजे सुरुवात कुठून होते ते त्यांना कळेल. तोवर घरचा सराव जरा थांबवाल का? आणि हो, त्यानंतर गटातल्या जागेचं आपण नक्की करून टाकू."

ऐकलंत? पोर बसायला लागली, तर थांबवा म्हणे!

आत्याच्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. पण घरून निघताना भावाने हात धरला होता. "ताई, तुझ्या पाया पडतो, तिथे तोंड उघडू नकोस. ती जागा गेली तर हिला दुसरं कोण घेणार आहे? आपल्याला कुठे परवडतंय बाहेर?" खरंच होतं ते. आत्याने जीभ चावली आणि बरं म्हणाली.

पाहुण्यांच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मागे बालवाडीच्या बायका, कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करतंय. आत्या भिंतीला टेकून उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. मॅडमनी ढब्बूला चटईवर बसवलं. "आता मी हात काढते," त्या म्हणाल्या. पण त्यांनी हात काढायच्या आधीच पोर पडली. एवढी तयार झाली होती! मॅडम हसल्या. "घाई झाली वाटतं आमच्या टीचरला! मागच्यांना दिसलं नसेल. पुन्हा एकदा."

त्या "पुन्हा एकदा"ला तोफ उडाली.

"बास! ढब्बूला पाडायचं नाही!"

हॉल दचकला. आत्या चटईपाशी येऊन उभी राहिली. "सगळ्यांनी मागे वळा. भिंतीकडे तोंड! पाहुणे, तुम्हीसुद्धा! खुर्च्या फिरवा! मॅडम, तुम्हाला वेगळं सांगू? वळा म्हणते ना!" बसमध्ये भरल्या गर्दीला सरकवणारा तो आवाज. आधी बालवाडीच्या बायका वळल्या. मग पाहुण्यांच्या खुर्च्या करकरल्या. शेवटी मॅडमही वळल्या, "अहो बाई, हे काय..." असं पुटपुटत.

आत्याने ढब्बूला बसवलं, पर्समधून कागदाचा रोल काढून तिच्यापुढे ठेवला आणि स्वतःही पाठ फिरवली.

हॉलमध्ये चिडीचूप. मग कागद फाटल्याचा आवाज आला. थांबला. परत आला. पडल्याचा आवाज येईना. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या एवढ्या माणसांनी तो कागद फाटताना ऐकला.

"आता वळा," आत्या म्हणाली. "आणि बघा तुम्ही काय शिकवलंय ते."

सगळे वळले. ढब्बू बसलेली होती, मांडीवर कागदाचे तुकडे. तिने माणसं बघितली. चेहरा खुलला. आणि ती पडली, अगदी शहाण्या मुलीसारखी, डावीकडे, उशीवर. पडून सगळ्यांच्या हातांकडे बघायला लागली.

एकाचेही हात हलले नाहीत. ढब्बू थोडा वेळ थांबली, मग वर्षभरात जी पोर या हॉलमध्ये कधी रडली नव्हती ती हुंदके देऊन रडायला लागली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना.

आत्या तिला मांडीवर घेऊन चटईच्या मधोमध बसली. "हिला वरच्या गटात घेतल्याशिवाय गाडी हलणार नाही," ती म्हणाली. मॅडमनी पाहुण्यांकडे बघितलं. पाहुणे मॅडमकडे बघत होते. जागा तिथल्या तिथे मिळाली. होती हो, रिकामीच होती!

आणखी एक ऐका. पुढच्या ट्रेनिंगला चटईवर बाहुली आली. मुलाएवढी, मुलाच्या वजनाची, खास अशा प्रशिक्षणासाठी बनवलेली. आत्याने फिजिओताईला विचारलं, ही कधी आणली? ताईने मान खाली घातली. बाहुली पहिल्यापासून होती. कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. महागाची वस्तू, रोजच्या वापराने खराब होईल म्हणून जपून ठेवली होती.

आत्या जिना चढता चढता कठड्यावर मूठ आपटत राहिली.

आता ढब्बू रोज वर जाते, त्यासाठी आत्याने दुपारची ड्युटी मागून घेतली. मापाची खुर्ची मिळाली. पण शिकलेलं असं लगेच पुसलं जात नाही. फिजिओताई म्हणते वेळ लागेल, कौतुक जपून करा, बघताय हे तिला कळू देऊ नका. म्हणून संध्याकाळी त्या घरात बाप, आई आणि आत्या लेकीकडे पाठ करून जेवायला बसतात. मागे जमिनीवर ढब्बू बसलेली असते. तिघं भिंतीकडे बघत घास गिळतात आणि कान मागे लावतात.

परवा मागून हाक आली. नवा शब्द शिकली होती पोर.

"आत्या, बघ!"

भाऊ आणि भावजय, दोघांचे घास हातातच राहिले. आत्याने ताटाची कड घट्ट धरली. मान आपोआप वळत होती, ती तिने जोर लावून पुढे ठेवली.

"आत्या, बघ ना!"

"नाही बघणार जा," आत्या भिंतीला म्हणाली, आणि त्या मधाळ बाईला मनातल्या मनात अशी शिवी हासडली की बसमध्येही कधी दिली नव्हती. "तू बस, माझे राणी. तू बस नुसती."