वस्तादांची स्लोव्हाक तालीम

बातमी आली तेव्हा मी फळ्यावर इंग्रजीचा तक्ता लिहीत होते. चांगला, त्याहून चांगला, सगळ्यांत चांगला. फळ्याची उजवी बाजू मोकळी सोडली होती. ती दत्तू वस्तादांची. तिथे ते येऊन स्लोव्हाक शब्द लिहीत. खालच्या टेम्पो गॅरेजमधला सलीम जिन्यातूनच ओरडला, "बाई, वस्तादांना देवळालीच्या रस्त्यावर पाडलं!" मला हसू आलं. वस्तादांना कोण पाडणार? मी हातातला शब्द पुरा केला. मग सलीम दारात आला. त्याच्या शर्टावर रक्त होतं. "संपले ओ बाई…" एवढंच तो म्हणाला. पाहू नका, असं सगळे सांगत असताना मी दवाखान्यात जाऊन त्यांना पाहिलं. लोखंडी पाइपांनी डोक्याची मागची बाजू फोडली होती, जबडा एका अंगाला सरकला होता, एक डोळा उरलाच नव्हता. काही आठवडे झाले, अजून घास तोंडात घेतला की तो जबडा आठवतो. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हृद्य आठवणी लिहा, असा मला निरोप आला होता. हृद्य वगैरे मला जमणार नाही.

वस्ताद देवळाली प्रवऱ्याचे, उसाच्या घरातले. तरुणपणी त्यांनी जत्रांचे फड गाजवले. दोन्ही कान फुटून भज्यासारखे झाले होते. मग गुडघा गेला, कुस्ती सुटली, आणि हा गडी स्लोव्हाकियात नित्रा नावाच्या गावी मोटारींच्या कारखान्यात जाऊन लागला. तिथे यान नावाचा एक सहकारी त्यांच्या डब्यात थुंकला. वस्तादांनी त्याला उचलून जेवणाच्या टेबलावर आपटलं. टेबल मोडलं, यानचं नाक मोडलं, दात फरशीवर सांडले. लगेच त्यांनी वाकून त्याला हात दिला, उभं केलं, पाठीवरची धूळ झटकली आणि खुणांनी सांगितलं की अजून लढायचं असेल तर सकाळी मी फाटकाजवळ असतो, ये. पडलेल्याला हात द्यायचा आणि पुढच्या कुस्तीची जागा आपण होऊन सांगायची, हा त्यांच्या तालमीचा रिवाज होता. यान सकाळी आला तो बिअर घेऊन. वस्तादांना स्लोव्हाक त्यानेच शिकवली, नाकाला पट्टी बांधलेली असताना.

परतल्यावर वस्तादांनी श्रीरामपुरात गॅरेजच्या माडीवर वर्ग काढला, तिकडे नोकरीला जाणाऱ्यांसाठी. इंग्रजीला मला बोलावलं. मी निवृत्त शिक्षिका, तोंडाची फटकळ. आमचं रोज वाजायचं. एका दगडात दोन पक्षी मारण्याची गोष्ट इंग्रजीत आपल्यासारखीच आहे. स्लोव्हाक माणूस मात्र एका फटक्यात दोन माशा मारतो. "ह्यात कसला पराक्रम?" मी म्हणे. "तुमी मारून दाखवा की बाई," असं म्हणून ते अख्ख्या वर्गाला माशांमागे पळवत. हरलं की इंग्रज टॉवेल टाकतो, स्लोव्हाक बंदूक शेतात फेकून देतो. "उसात टाकली म्हना, उसात," वस्ताद सांगत. मुसळधार पावसात इंग्रजांकडे कुत्री-मांजरं पडतात आणि स्लोव्हाकांकडे ट्रॅक्टर. ट्रॅक्टर कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "शुगर फॅक्टरीच्या रस्त्याला उभ्या ऱ्हा, म्हंजी कळंल." शब्द अंगात भिनला पाहिजे, असा त्यांचा हेका. 'नायसिल्नेयशी' म्हणजे सगळ्यांत बलवान. तो म्हणताना समोरच्याला उचलायचं. 'नायहोर्शी' म्हणजे सगळ्यांत वाईट. तो म्हणताना पाठीवर आपटायचं. पोरांची कोपरं फुटत, एकाचा खांदा निखळला. वर्ग आहे की कत्तलखाना, म्हणून मी ओरडायचे. पण माझ्या उभ्या नोकरीत एकही धडा कोणाला इतका पक्का पाठ झाला नव्हता, हे कबूल करायला हवं.

मंगल तिसगावची. नवऱ्याने मारून हाकललेली. त्या मारात कानाचा पडदा फाटला होता, त्यामुळे ती सगळंच मोठ्याने बोले. वर्गात ती एकटीच बाई, आणि एका थोराड पोराला उचलून खांद्यावर घेणारीही ती एकटीच. तिला नित्र्याची नोकरी लागली, व्हिसा झाला, आणि तिथेच माशी शिंकली. नोकरी लावून देणाऱ्या एजंटाने पासपोर्ट अडकवून ठेवला. "एक रात्र लॉजवर ये, मग देतो," असं तो तिला फोनवर म्हणाला. तिने ते भर वर्गात, तिच्या त्या मोठ्या आवाजात सांगितलं. वस्तादांनी चपला घातल्या. मी आणि मंगल त्यांच्या मागोमाग निघालो.

ऑफिसात टेबलामागे बसलेला एजंट हसला. कसला लॉज, कोण म्हणतं, असं बोलत त्याने ड्रॉवरमध्ये हात घातला. वस्तादांनी लाथ मारून ड्रॉवर बंद केला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, ओली फांदी मोडावी तसा. मग त्यांनी त्याचं मानगूट धरून तोंड टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं. रक्त माझ्या साडीपर्यंत उडालं. मी त्यांना थांबवलं नाही. मला बरं वाटलं, आजही वाटतं, आणि हे वाचून ज्यांना धक्का बसेल त्यांना तो खुशाल बसू दे. मंगलने ड्रॉवर उघडून आपला पासपोर्ट काढून घेतला. तेवढ्यात वस्तादांनी वाकून त्या माणसाला हात दिला, उभं केलं, त्याचा शर्ट झटकला आणि म्हणाले, "कुस्ती बाकी आसंल तर मी रोज सकाळी देवळालीच्या रस्त्याला चालत आसतो. ये."

"अहो, तो काय यान आहे?" बाहेर आल्या आल्या मी त्यांच्यावर खेकसले.

"पडल्यावर समदे सारखेच आसत्यात, बाई."

सारखे नसतात. तो कुठल्याच तालमीतला नव्हता. मंगल नित्र्याला पोचली, कामाला लागली, तर त्याने तिला तिथे फोन केला… "तुझ्या वस्तादाला रस्त्यातच झोपवतो." तिने लगेच वस्तादांना कळवलं. "येऊ दे की, मीच बोलावलंय त्याला," असं उत्तर देऊन त्यांनी ते वर मला हसत सांगितलं. रस्ता बदला म्हणून मी घसा फोडला. पण शब्द देऊन रस्ता बदलणारा पैलवान त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. आणि मारणारे आले. जीपमधून, मागून, चौघे. वस्तादांना समोरासमोर एकही तोंड दिसलं नसेल, याची मला सगळ्यांत जास्त चीड येते.

पोलिसांपुढे एजंटाने प्लास्टरमधला हात दाखवला. मी अंथरुणात होतो, मला काय माहीत, म्हणाला. मारणारे पकडले गेले, पण ते भाड्याचे, त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. धमकी त्याच्या तोंडून ऐकलेली एकटी मंगल. मी तिला फोन केला. वस्ताद गेले हे सांगितलं आणि बजावलं, "येऊ नकोस. तू तिथे राहावीस म्हणून तो माणूस मेला. आता ती नोकरी सोडलीस तर त्याचं मरण फुकट जाईल." पलीकडे कारखान्यातल्या यंत्रांची धडधड चालू होती.

"मग त्यास्नी कुनी मारलं, हे कोन सांगनार बाई?" असं विचारून तिने फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात ती आली. बॅग घेऊन आधी पोलीस ठाण्यात गेली, जबाब लिहून दिला, सही केली, मग माडीवर आली. नोकरी गेलीच होती. मी मुलांसमोर तिच्यावर तुटून पडले. मूर्ख म्हणाले, कृतघ्न म्हणाले, एक थप्पड मारण्यापर्यंत माझा हात गेला. तिने तो हवेतच धरला. "वस्तादांनी मला नोकरी न्हाई दिली बाई, पासपोर्ट दिला. आता कुठं जायचं, कवा परत यायचं, ते माझं मी ठरवनार." तिने माझा हात सोडला तेव्हा मी रडत होते, हे पोरांनी मला नंतर सांगितलं.

वर्गात वस्तादांची लोखंडी खुर्ची आहे. त्यांच्या वजनाने तिचे मागचे पाय फाकलेत. ते गेल्यापासून तिच्यात कोणी बसत नाही. पोरं तिला वळसा घालून जातात आणि मी ती रोज पुसते. मंगलला यातलं काही ठाऊक नव्हतं. प्रवासाने तिचे पाय सुजले होते. तिने खुर्ची ओढली आणि धपकन बसली. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "पाय रोवून बस गं. मागे कलते ती."