पाहुणे हरवले ती दुपार

माझे यजमान गेल्यापासून मी देवाशी बोलणे सोडले होते. रुसले होते म्हणा, किंवा सांगण्यासारखे काही उरले नव्हते म्हणा. गिरगावातल्या आमच्या खोलीत सासूबाईंची पूजा चालू असे आणि मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला निघून जाई.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मुंबई तापलेली होती. त्याच सुमारास डेन्मार्कहून एक वयस्क प्राध्यापक आमच्याकडे व्याख्यानांना आले आणि त्यांना शहर दाखवण्याचे काम माझ्यावर पडले. गृहस्थ विलक्षण चौकस. भायखळ्याला राणीच्या बागेतली झाडे पाहायला नेले, तर ते रस्त्यावरच्या पिंपळापाशीच थबकले. याला दोरा कोणी गुंडाळला? शेंदूर कशाचा करतात? माणसे झाडाकडे मागतात तरी काय? मला येत होती ती उत्तरे मी दिली. मग त्यांनी सहज विचारले, "आणि तुम्ही काय मागता?"

"काहीच नाही," मी म्हणाले, आणि विषय बदलला.

त्यांना गिरणगाव पाहायचे होते. आम्ही डिलाईल रोडला पोचलो तेव्हा समोरून मोर्चा येत होता. घोषणांचा तो आवेश पाहून पाहुण्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पाहता पाहता पळापळ झाली. अश्रुधुराने डोळे उघडवेनात, लोंढ्याने मला भिंतीशी रेटले. डोळे पुसून पाहते तो पाहुणे नाहीत. दूर कुठेतरी बार ऐकू आले. सत्तरीचा माणूस, मराठीचा शब्द येत नाही! मी गल्लीगल्लीतून धावले, हाका मारल्या. सगळी दारे बंद. शेवटी एका दुकानाच्या फळ्यांना टेकून मी पुटपुटले, "आता तूच बघ." हे कोणाला म्हणाले, ते माझे मलाच उमगायला जरा वेळ लागला.

तेवढ्यात वरून टाळ ऐकू आले. असल्या वेळी भजन? नवल वाटले, आणि का कोण जाणे, मी चाळीचा जिना चढले. दार एका मालवणी बाईने उघडले. माझ्या तोंडाकडे पाहूनच ती म्हणाली, "घाबरां नको गो बाये. तुमचो पावणो हयसर आसा. चाय पिता हा."

आत बायका विठ्ठलाच्या तसबिरीपुढे भजन करत होत्या आणि त्यांच्यात आमचे प्राध्यापक मांडी घालून बसले होते. मी त्यांना विचारले, भीती नाही वाटली? "फार वाटली," ते म्हणाले. "पण या बाईंनी हात धरला, आणि कुठे नेता हे विचारायचे राहूनच गेले."

मी रडू लागले. तो योगायोग होता की आणखी काही, याचा निवाडा मी आजवर केलेला नाही. उपकार मात्र विसरलेले नाही. रस्ते माहीत असून मी भरकटले होते, आणि प्राध्यापकांनी नुसता हात देऊ केला होता.

बाहेर शांत होईपर्यंत निघता येणार नव्हते. त्या बाईने माझ्या हाती टाळ दिले. मी म्हणाले, "मला जमणार नाही हो. ठेका चुकेल."

"चुकांदे," ती म्हणाली. "तू वाजवीत रव."