शून्य रक्तदाते
स्पिरिटचा वास आला की दवाखान्यातली ती दुपार आठवते. आत बहिणीला रक्त हवं होतं, ओ निगेटिव्ह. रक्तदाते शोधायची वेबसाइट मीच पीएचपीत बनवलेली. रक्तगट निवडला, शहर निवडलं. उत्तर आलं, शून्य. पिशोरहून आलेले दाजी म्हणाले, “एक बी नाय?” मी पुन्हा शोधलं, परत शून्य. मग आठवलं, चार महिन्यांपूर्वी शहराचं नाव बदललं तेव्हा मी फक्त निवडायच्या यादीत नवं नाव टाकलं होतं. डेटाबेसमधले जुने दाते औरंगाबादचेच राहिले होते. लिंकमध्ये हातानं जुनं नाव टाकलं, अकरा जण आले. पहिलाच फोनवर म्हणाला, “मुकुंदवाडीत हाय, निघालोच.” बहीण वाचली. पण आधीचे चार महिने तिथं शून्य बघून कोण कोण परत गेलं, हे तपासायची हिंमत मला आजही होत नाही.