विलासदादाचं बियाणं

सुरेखावहिनीचा फोन आला तेव्हा मी मोहोपाड्याला कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होते. "शैले, तुझा दादा गेला गं," एवढंच ती म्हणाली आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. विलासदादा, माझा आतेभाऊ, दहिवलीत दहावीच्या गणिताचे क्लास घ्यायचा. त्या दुपारी मुलांना उदाहरण सोडवायला देऊन तो खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. मी पोचले तेव्हा ओटीवर माणसं जमली होती आणि मधोमध त्याचा थोरला भाऊ, नामदेवभाऊ, बसला होता. येईल त्याला एकच सांगत होता, "पत्त्यांनी खाल्लं माझ्या भावाला. किती सांगितलं, मोबाईलवर खेळू नको, पन ऐकंल तर..." माणसं माना हलवत होती. आत विलासदादाला अजून आंघोळही घातली नव्हती. हा लेख मी दुःख हलकं व्हावं म्हणून लिहीत नाही. ते वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांच्यापर्यंत दुसरी बाजू पोचावी म्हणून लिहितेय. आणि खरं सांगायचं तर नामदेवभाऊनं रविवारचा चहा पिताना हे वाचावं म्हणूनही.

होय, विलासदादा पोकर खेळायचा. ऑनलाइन, पैसे लावून, सरकारची बंदी येण्याआधी. मलाही त्यानंच शिकवलं. आमच्या ऑफिसात एकजण होता, त्यानं जेवणाच्या सुट्टीत मला मोबाईलवर चार डाव खेळायला लावले, माझे पैसे घेतले आणि वर सगळ्यांदेखत "बायकांनी भिशी लावावी" म्हणाला. मी त्याच शनिवारी दहिवली गाठली. म्हटलं, "दादा, मला त्या माणसाला नागवायचंय. शिकव." विलासदादा खदाखदा हसला. "सूड घ्यायला बसतात ना, त्यांच्याच पैशावर मी खेळतो गं," म्हणाला. मग वहिनीनं चहा ठेवला आणि हा पत्ते सोडून भाताचं बोलू लागला.

आमच्या घरांतून पेरणीचं भात वेगळ्या कणगीत ठेवायची रीत. घरात पाहुणे येवोत, सण असो, खायचं भात संपत आलेलं असो, त्या कणगीला हात लावायचा नाही म्हणजे नाही. लहानपणी आम्ही मुलं तिला खेळताना पाय लावला तरी आत्या ओरडायची. दादा म्हणाला, "खेळाचे पैशे म्हंजे ते बी हाय. बी खायचं नाय. घरातलं खायचं भात काढून बियात टाकायचं नाय. आणि सगळं बी एका खाचरात फेकायचं नाय." म्हणजे खेळायला बाजूला काढलेल्या रकमेचा विसावा भाग, तेवढाच घेऊन टेबलावर बसायचं. तो गेला की उठायचं. रक्कम घटली तर खालच्या, लहान टेबलावर जायचं आणि लाज वाटून घ्यायची नाही. वाढली तरच वर चढायचं. कुठल्या पत्त्यांवर डाव खेळावा हे त्यानं मला नंतर शिकवलं. आधी कितीतरी आठवडे हेच, उठायचं कसं...

मी उठणाऱ्यातली नव्हे. एकदा ओळीनं हरले, चांगले पत्ते असून हरले, आणि सगळं एकदम वसूल करायला मोठ्या टेबलावर निघाले. दादा शेजारी वह्या तपासत होता. त्यानं हात लांब करून लॅपटॉप मिटला. "राग आला का टेबल लहान करायचं, मोठं नाय." मी म्हटलं, "मी हरतेय ते दिसत नाही का तुला?" तर म्हणे, "हरायचं दुखत नाय तुला. त्यो हसंल, ते दुखतंय." मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण शिकले. पुढे ऑफिसातला तो गृहस्थ माझ्यासमोर बसायचं टाळू लागला, कधी पोट दुखायचं, कधी फोनची बॅटरी संपायची. दादाला त्यात काही मोठंसं वाटलं नाही. मला मात्र ते अजून आठवलं की बरं वाटतं.

क्लासमधल्या मुलांना तो या खेळाचं नावही काढू द्यायचा नाही. बहुतेक लोक बुडतातच, हे तो उघड सांगायचा. स्वतः लहान टेबलांवरूनच हळूहळू चढला होता, आणि जिंकलेल्यातलं ठरलेलं तेवढंच घरात आणायचा. अशी वर्षं घालवून त्यानं जरा बरं बियाणं जमवलं आणि तेव्हाच नामदेवभाऊला शर्यतीचा बैल घ्यावासा वाटला.

आमच्याकडे खालापूर-कर्जतात बिनजोड शर्यतींचं वेड आहे. समोरच्याला नाव घेऊन आव्हान द्यायचं, बैलजोड्या पळवायच्या, जिंकला त्याच्यावर गुलाल. बाजूला पैजा लागतात. हा नामदेवभाऊ प्रत्येक मैदानावर पैजा लावतो, हरला की पुढच्या मैदानात दुप्पट लावतो, आणि त्याला कुणी जुगारी म्हणत नाही, शौकीन म्हणतात. त्यानं सोन्या नावाचा खोंड हेरला आणि विलासदादाकडे आला. "तुझे ते मोबाईलातले पैशे पडूनच हायत ना?" पडून! कणगीतलं भात पडून आहे असं हा माणूस स्वतःच्या बायकोला बोलला असता का? पण थोरला भाऊ ओटीवर येऊन बसल्यावर आमच्या घरात नाही म्हणायची सोय नसते. दादानं सगळं बी काढून दिलं. दादानं ते पैसे परत मागू नयेत म्हणून नामदेवभाऊनं गोडीत एक केलं. म्हणाला, "बैल तुझ्या आर्याच्या नावानं पळंल." आर्या विलासदादाची एकुलती मुलगी. तेव्हापासून तालुक्यातल्या मैदानांवर भोंगा ओरडू लागला, "कुमारी आर्या विलास, दहिवली, यांचा सोन्याऽऽ", आणि गुलाल मात्र काकाच्या टोपीवर.

विलासदादा पुन्हा सगळ्यात खालच्या टेबलावर जाऊन बसला. आर्याच्या नर्सिंगची फी त्यानं त्या दुसऱ्या फेरीतून भरली. मग बंदी आली, तेव्हा होतं ते काढून बँकेत टाकलं आणि खेळ मिटवला. गेला तेव्हा त्यानं पत्त्यांचं तोंड पाहून कितीतरी दिवस झाले होते. कुणी कुणाला खाल्लं ते वाचणाऱ्यांनीच ठरवावं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर नामदेवभाऊनं खिशातून कागद काढला. वडिलार्जित जमीन खालापूरकडे, रस्त्याला लागून; थोरला म्हणून सातबाऱ्यावर त्याचंच नाव. वहिनीनं हक्क सोडून द्यावा असं त्या कागदावर होतं. चार जाणते बसलेले असताना म्हणाला, "सुरेखा, जुगाराच्या घरात जमीन टिकत नाय. सही कर. मी काय तुला उपाशी ठेवणार हाय का?" माझ्या डोक्यात तिडीक गेली, मी उठणार तेवढ्यात वहिनीनं माझा पदर खाली ओढला. नवरा गेलेली बाई, डोळे सुजलेले, आवाज मात्र शांत.

"भाऊजी, सोन्या कुनाचा हाय?"

"कुनाचा म्हंजे?"

"भोंग्यावर काय पुकारतात?"

भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानंच, शर्यतीचा जुना शौकीन तो, सगळं नाव खणखणीत म्हणून दाखवलं. वहिनी म्हणाली, "मग आर्याचा बैल उद्या हितं आणून बांधा. वैरण तुमीच पोचवा. आणि सातबाऱ्यावर माजं नाव चढंस्तवर त्यो दावनीवरनं सुटायचा नाय." नामदेवभाऊनं आवाज चढवून पाहिला. म्हातारा हसत म्हणाला, "नामा, आख्ख्या तालुक्यानं ऐकलेलं हाय रं." दुसऱ्या दिवशी सोन्या वहिनीच्या दारात होता.

मग सुरू झाला मोसम. मैदानांमागून मैदानं होत होती आणि नामदेवभाऊ डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन दहिवलीत येत होता. लोक वाटेत विचारायचे, "काय नामदेवशेठ, सोन्या दिसत नाय?" मी मुद्दाम रविवारी जाऊन ओटीवर बसायचे. माणसानं इतकं खूश होऊ नये, पण मी झाले. तलाठ्याकडे जो माणूस कधी वेळेवर गेला नव्हता, तो आता सकाळीच जाऊन उभा राहू लागला. वहिनीचं नाव चढलं. तिनं नवा उतारा दोनदा वाचला, देवापुढे ठेवला आणि म्हणाली, "न्या बैल. पन शर्यतीच्या चिठ्ठीवर पुकारायचं नाव आमी सांगू ते."

गेल्या आठवड्यात खालापूरकडच्या मैदानावर मी गेले होते. शर्यती मला आवडत नाहीत, धुळीनं शिंका येतात. सोन्या ज्या जोडीत होता ती जोडी जिंकली. भोंग्यावर विलासदादाचं नाव घुमलं, "कैलासवासी विलास सर, दहिवली, यांचा सोन्याऽऽ"... दोनदा, तीनदा. निवेदक माईक घेऊन बैलापाशी आला. "मालक कुठं हायत? मालक पुढं या!" सगळी गर्दी नामदेवभाऊकडे बघत होती. कासरा हातात, टोपीवर गुलालाचा कणही नाही. मी अगदी पुढे जाऊन उभी राहिले होते. त्यानं मला पाहिलं, मान खाली घातली.

"मालक वारले," तो म्हणाला. "मी नुसता धरायला आलोय."

माईक त्याच्या तोंडाजवळच होता. ते मैदानाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं.