एसी कमी करा, एवढंच सांगायचं होतं

ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी आज अंधेरीच्या एका हॉटेलात राहतेय. आठवडाभर लेकीने घरी रिसेप्शनिस्ट बनून माझ्याकडून इंग्रजी घोटून घेतलं होतं, त्यामुळे चेक-इन झकास झालं.

पण खोलीतला एसी कमीच होईना. रिसेप्शनला फोन केला. तिकडची मुलगी इंग्रजीत भरभर काहीतरी बोलली. मी "ओके, थँक्यू" म्हणून फोन ठेवला.

शेवटी कुडकुडत खाली गेले. आवाजावरून ओळखलं, तीच मुलगी मोबाईलवर आईला विचारत होती, "आये, जेवलंस काय गे?" माझ्या माहेरची मालवणी. इतकं बरं वाटलं.

मला बघताच ती सावरून उभी राहिली. "येस मॅम?"

आणि मी म्हणाले, "नथिंग, थँक्यू."

आता शाल, टॉवेल सगळं गुंडाळून बसलेय. चैन पडत नाहीये. सांगा ना, आम्ही दोघी नक्की कोणाला घाबरलो?