दोनशे एकवीस कर्णबधिर

बाजारात त्याला सगळे टॉवर म्हणायचे. उंची सहा फूट दोन इंच आणि धंदा मोबाईलचा, मग दुसरं काय म्हणणार? दुकान म्हणजे तरी काय, एका जिन्याखालची जागा. सरळ उभा राहिला की डोकं पायरीला आपटायचं, म्हणून दिवसभर मान तिरकी करून बसलेला असायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस आपलं किती मन लावून ऐकतोय! आणि खरंच ऐकायचा हो. लहानपणापासून दोघांसाठी ऐकायची सवय लागली होती त्याला.

दुसरी म्हणजे त्याची ताई. सहा वर्षांनी मोठी, जन्मापासून ठार बहिरी. दार वाजलं, दूध उतू चाललं, खालून कुणी हाक मारली, की हा दुडदुडत जाऊन तिचा फ्रॉक ओढायचा. तोंडाने बोलायच्या आधी हा हातांनी बोलायला लागला, असं आई अजून सांगते. ताईने त्याला नावही तसंच ठेवलं होतं. कानाची पाळी चिमटीत धरायची, हळूच ओढायची, की झाला टॉवर. कान. माझा कान.

घरच्यांशी ताई हातांनी बोलायची. परक्यांसाठी तिच्या पर्समध्ये एक छोटी डायरी असायची. कंडक्टर असो, डॉक्टर असो, तिच्यात लिहून दाखवायची. हातांची भाषा ऐऱ्यागैऱ्यापुढे काढायची नाही हा तिचा बाणा. शाळेत असताना पोरं तिच्या हातांच्या नकला करत, ते तिच्या मनातून कधीच गेलं नव्हतं.

पुढे तिला दुसऱ्या शहरात कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम मिळालं. दातांना शेवटचं पॉलिश करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिथे तिच्यासारख्याच सहा जणी होत्या, सातही जणी एकाच खोलीत राहायच्या. आणि रोज दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, ताईचा व्हिडिओ कॉल यायचा. आई दोन जिने उतरून दुकानात यायची, चष्मा पुसायची, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायची, आणि अर्धा तास मायलेकींचे हात चालायचे. काय जेवलीस, खोकला गेला का, शेजारणीची सून परत आली का. आईचा दिवस त्या अर्ध्या तासाभोवती होता. बाकीचा वेळ ती नुसता ढकलायची.

आता या गप्पांना डेटा किती जातो विचारा. साध्या प्लॅनमध्ये पंचवीस मिनिटांतच चित्र अडकायचं, आणि हात अर्ध्यावर थांबले की वाक्यही अर्ध्यावरच. म्हणून मोबाईल कंपनीने जेव्हा कर्णबधिरांसाठी वेगळा प्लॅन काढला, म्हणजे फोन कॉल अजिबात नाहीत पण डेटा हवा तेवढा, आणि किंमत निम्म्याहून कमी, तेव्हा टॉवर त्या दिवशी उपाशीपोटी ऑफिसात जाऊन बसला. बहिरेपणाचं सर्टिफिकेट, फोटो, फॉर्म, सगळं स्वतः भरलं. ताईचा आणि तिच्या सहाही मैत्रिणींचा प्लॅन त्याने आपल्या दुकानाच्या कोडवर चालू करून दिला. ताईने त्या दिवशी स्क्रीनवर दोन्ही हातांनी दोन्ही कान ओढून दाखवले. डबल कान! आई हसून हसून खोकली.

तिथंच थांबला असता तर? पण थांबेल तो टॉवर कसला.

झालं असं, की नर्सिंग शिकणारी एक मुलगी साधं रिचार्ज करायला आली. याने गडबडीत मागचाच फॉर्म उघडला आणि त्यात ताईचं सर्टिफिकेट तसंच जोडलेलं राहिलं. नाव मुलीचं, सर्टिफिकेट ताईचं. आणि मंजूर! दोन मिनिटांत हिरवी खूण. टॉवर बघतच राहिला. म्हणजे कंपनीचा कॉम्प्युटर फक्त कागद जोडलाय की नाही एवढंच बघत होता. कागदावर कोण आहे, त्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

चूक दुरुस्त करायला त्याने हात उचललाही होता. पण मुलगी म्हणाली, "दादा, राहू दे ना. लेक्चर बघायला डेटा पुरतच नाही हो. बोलायचं तर मी ॲपवरून बोलीन." तिच्या चेहऱ्याकडे बघून याने हात खाली घेतला. गरीब पोरगी, शिकतेय, कुणाचं काय जातंय?

पोरीने मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीने भावाला. मग गाडी चालवायला शिकवणारा मास्तर आला, तो काही गरीब नव्हता, दारात त्याच्या तीन गाड्या. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "टॉवर, आम्हालाही बहिरा कर की लेका. बायकोपुढे तसाही आहेच." सगळे खो खो हसले. टॉवरही हसला. हसताना त्याला ताईची आठवण झाली. तो पाणी प्यायला आणि त्याने फॉर्म भरला.

कुणी खोदून विचारलंच, तर उत्तर तयार होतं. "महिना अठ्ठावीस दिवसांचा कुणी केला? मी केला? रात्री बारा वाजले की तुमचा उरलेला डेटा कोण गिळतं? मी गिळतो? त्यांनी फट ठेवली, आपण हात घातला. त्यांची चोरी नियमात बसते आणि आपली नाही, एवढाच फरक!" आता यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा. शब्द न् शब्द खरा होता. फक्त हे सगळं बोलताना तो कंपनीचाच विचार करायचा. ज्या कागदावर दुकान चाललं होतं तो ताईचा होता, हे त्या हिशोबात कुठे येतच नव्हतं.

ताईला त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

आठ महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. या प्लॅनवरच्या प्रत्येक ग्राहकाने सर्टिफिकेट घेऊन अमुक दिवशी ऑफिसात समक्ष यावं. एका दुकानाच्या कोडवर दोनशे एकवीस कर्णबधिर! एवढे तर अख्ख्या जिल्ह्यात नसतील, हे कुणाच्या तरी डोक्यात शेवटी शिरलं होतं. बहुतेकांनी "मरू दे तो प्लॅन" म्हणून अंग काढून घेतलं. पण चाळीसेक जण हटून बसले, त्यात मास्तर पहिला. "येतो आम्ही. काय करायचं तेवढं शिकव."

आणि याने शिकवलं! दुकानाचं शटर अर्धं ओढून त्याने चाळीस जणांना बहिरं व्हायला शिकवलं. "नाव पुकारलं तरी ढिम्म बसायचं. मागून हाक आली तरी वळायचं नाही. कुणी काही विचारलं तर जरा हात हलवा, त्यांना तरी कुठे कळतंय." स्वतःच्या तोंडून निघालेलं हे वाक्य त्यालाच ऐकू गेलं. पण आता थांबायचं तरी कसं?

ताईला फक्त एवढंच कळवलं, की साधी तपासणी आहे, सगळ्याजणी या. ताई खूष. निमित्ताने आईची भेट! सातही जणी पहाटेची बस पकडून, चांगले कपडे घालून थेट ऑफिसात उतरल्या.

ऑफिसातला तो हॉल जुना होता, लाकडी फळ्यांची जमीन, ओळीने बाकं. ताई दारातून आत आली आणि थबकली. बाकांवर चाळीस माणसं गप्प बसलेली. तपासणीवाल्या बाईंचे ओठ हलतायत, नावं पुकारली जातायत आणि कुणी मानही वळवत नाही. ताईचा चेहरा असा उजळला, की टॉवरने तो तसा लहानपणानंतर पाहिला नव्हता. तिला वाटलं, ही सगळी आपलीच माणसं. आपल्याच गावातली! इतकी वर्षं कुठे होती ही? आपण इथे एकट्याच आहोत, असं समजत आलो आपण.

टॉवर भिंतीपाशी उभा होता. हात वर करून "थांब" म्हणायला अर्धा क्षण पुरला असता. त्याचे हात उचललेच गेले नाहीत.

ताई सरळ पहिल्या बाकाकडे गेली. मास्तरसमोर उभी राहिली आणि परक्या माणसापुढे जन्मात कधी न काढलेले हात तिने काढले. नमस्कार. तुम्ही कुठल्या शाळेत होता? कोणत्या बाई होत्या तुम्हाला?

मास्तरने टॉवरकडे एक नजर टाकली आणि शिकवल्याप्रमाणे हात हलवले. बोटं नाचवली, मनगटं फिरवली, तोंड वेडंवाकडं केलं. शेजारच्याला हसू आवरेना, त्याने तोंडावर रुमाल धरला. ताईचे हात हवेत होते तसेच राहिले. मग तिने ते हळूहळू खाली घेतले आणि पदरात लपवले.

तेवढ्यात तपासणीवाल्या बाईंनी मागून स्टीलचा ट्रे जमिनीवर जोरात आदळला. चाळीस माना एकदम वळल्या. आणि सातही जणी वळल्या. लाकडी जमीन ती. आवाज नाही आला, तरी हादरा पायातून वर चढतोच. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वा! सगळ्यांना छान ऐकू येतंय की."

आता मात्र टॉवर धावला. "बाई, ह्या सात खऱ्या आहेत! ही माझी सख्खी बहीण आहे! बाकीचे सगळे खोटे, मी केलेत, माझं काय करायचं ते करा, पण ह्यांचा प्लॅन राहू द्या."

"तुमचं दुकान कोणतं?" बाईंनी विचारलं. त्याने सांगितलं. मग त्यांनी छापील यादी टेबलावर पसरली. दोनशे चौदा नावं, आणि प्रत्येक नावापुढे सर्टिफिकेटचा एकच नंबर. "सहा महिने भांडून हा प्लॅन मी मंजूर करून घेतला होता," त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "वरचे म्हणत होते, लोक लबाडी करतील. मी म्हटलं, कोण कशाला खोटं बहिरं होईल? आता मी कुठल्या तोंडाने बोलू? एक तारखेपासून योजनाच बंद. सगळ्यांची."

ताई टेबलापाशी येऊन उभी होती. तिने यादीवर बोट ठेवलं. तो नंबर तिला तोंडपाठ होता. बस पासवर, नोकरीच्या अर्जावर, लहानपणापासून जिथे जाईल तिथे तिने तो लिहिला होता. बोट खाली खाली सरकत गेलं. पहिलं पान संपलं, दुसरं, तिसरं. मग तिने टॉवरकडे पाहिलं.

तो हात जोडत होता, हातांनीच बोलत होता, चुकलो, चुकलो ताई, तुला मोठा प्लॅन टाकून देतो, सातही जणींना देतो, मी भरतो सगळं. सहा मैत्रिणी ताईकडे बघत होत्या. त्यांना या भावाकडे तिनेच आणलं होतं. ताईने त्याच्या हातांकडे पाहिलंच नाही. बघितलं नाही की बोलणं बंद. बहिऱ्या माणसाने कान झाकून घ्यायची ती एकच रीत.

बस स्टँडवर तो मागोमाग गेला. आईला भेटून तरी जा, म्हणून आडवा उभा राहिला. तिने पर्स उघडली, आणि डायरी काढली. चाळीस वर्षांत त्या डायरीचं पान त्याच्यासाठी कधी निघालं नव्हतं. तिने नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं, कंडक्टरला लिहायची तसंच. पान फाडून त्याच्या हातात ठेवलं आणि बसमध्ये चढली.

कागदावर लिहिलं होतं, "आईला तू सांग."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता आई दुकानात आली. चष्मा पुसला, स्टूल ओढलं. एक तारखेला अजून नऊ दिवस होते, प्लॅन चालू होता. टॉवरने ताईला कॉल लावला. एक रिंग गेली आणि कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा कट. आई दोन्ही हात स्क्रीनसमोर धरून तयार बसली होती.

"काय रे, लागत नाही?"

खिशात तो कागद होता. टॉवरची मान जिन्याखाली आणखी वाकली.

"रेंज नाही गं आई," तो म्हणाला.

"अगं बाई. बरं, थांबते मी," आई म्हणाली, आणि हात तसेच धरून बसून राहिली.